मग बोलतात तरी काय?

बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याण तालुक्यात, मुडबीच्या पट्ट्यात अशी घरं सापडतात, जिथे आजोबा उर्दूतून शिकले, वडील मराठीतून आणि नात कन्नडमधून. घर जागचं हललं नाही, राज्यच बदलत गेलं. हा मुलूख हैदराबाद संस्थानात असताना, १९१८ साली, हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं; शिकवणं उर्दूत, पण इंग्रजी सक्तीची. १९५६ साली बिदर म्हैसूर राज्यात गेलं, तरी इंग्रजीचा तास चुकला नाही. तिन्ही पिढ्या ‘शी’पुढच्या क्रियापदाला ‘एस’ लावायचा विसरल्या, तेवढी परंपरा मात्र अखंड राहिली.

आता कॉलेजात व्याकरणाबरोबर परक्यांच्या रीतीभातीही शिकवतात. अनोळखी माणसाला वय विचारू नये, पगार विचारू नये, लग्न झालं का हे तर मुळीच विचारू नये. हे ऐकून मागच्या बाकावरून हमखास शंका येते, ‘सर, मग ते बोलतात तरी काय?’ हवेबद्दल बोलतात, असं सर सांगतात. मे महिन्यात मुडबीच्या स्टँडवर कुणी ‘काय सुंदर हवा!’ म्हणालं, तर लोक त्याला आधी सावलीत बसवतील, पाणी देतील आणि मग विचारतील, ‘कुणाकडचे पाहुणे?’

खरं तर या पोरांना दुसऱ्याची रीत नव्यानं काय शिकवायची? घरात मराठी, शाळेत कन्नड, दुकानात दखनी, तांड्यावरचा मित्र लंबाणी बोलणारा. वाटेत भेटणारा ‘जेवण झालं का?’ म्हणतो, कुणी ‘ऊटा आयता?’, कुणी ‘खाना हुआ?’. पोटात कावळे ओरडत असले तरी उत्तर एकच, ‘झालं.’ ‘हाउ आर यू’ला ‘फाइन’ का म्हणायचं, हे समजावायला याहून चांगला धडा कुठल्या पुस्तकात असेल असं मला वाटत नाही. पण पुस्तकं लिहिणारे या वाटेनं जात नसावेत.

समजा, दोन मुलांना रेल्वेच्या डब्यातल्या संवादाला उभं केलं. ‘नाइस वेदर.’ ‘यस.’ पुढे शांतता. मग एकाला राहवत नाही, ‘व्हिच व्हिलेज?’ दुसरा गाव सांगतो, पहिल्याच्या मावशीचं सासर नेमकं तिथलंच निघतं आणि इंग्रजी सुसाट सुटते, ‘एस’ वाटेत सांडत. सरांनी मार्क किती द्यायचे? मी असतो तर ‘एस’चे दोन कापून बाकीचे सगळे दिले असते.