धमकी आली, लोकल आली का?

२००१ साली उपमुख्यमंत्री छगन भुजबळ यांच्या कार्यालयात संशयास्पद पाकीट आलं, तेव्हा अँथ्रॅक्सच्या धास्तीने मुंबईकर लग्नपत्रिकासुद्धा चिमटीत धरून उघडायचा. (निदान उघडायचा तरी.) आता धमकी ई-मेलने येते. जुलै २०२५मध्ये मुंबई शेअर बाजाराला कळवलं गेलं: ४ आरडीएक्स बॉम्ब, दुपारी ३ वाजता स्फोट. सप्टेंबरात उच्च न्यायालय रिकामं करावं लागलं; दुपारनंतर कामकाज सुरू. दोन्हीकडे निघालं काहीच नाही, बॉम्बशोधक पथकाची दमछाक तेवढी अस्सल. घाटकोपरच्या पुलावर मेट्रोच्या लोंढ्यात बातमी वाचणाऱ्याला एकाच गोष्टीचं हायसं वाटलं, "हायकोर्ट ना? मग स्लो लोकल चालू असेल!" मुलुंडच्या काकूंची चौकशी त्याहून व्यवहारी: आमच्या भाडेकरूच्या केसला आता पुढची तारीख कधीची?