कल्याणच्या पुढे सगळ्याच गाड्या स्लो

विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या माणसाला वेगाचं तत्त्वज्ञान कुणी शिकवावं लागत नाही. सीएसएमटीहून सुटलेली फास्ट लोकल दादर, ठाणे, डोंबिवली अशा उड्या मारत येते आणि कल्याण सुटलं की तिचा फास्टपणा गळून पडतो. पुढे येईल त्या स्टेशनावर ती थांबते. डब्यातले लोक मात्र घरी फोन करून 'फास्टने येतोय' असंच सांगत असतात. घरातल्या इंटरनेटचं तंतोतंत हेच. फायबर आमच्या दारापर्यंत 300 एमबीपीएसने धावत येतो, राउटर नावाच्या कल्याणात शिरतो आणि तिथून माडीवरच्या खोलीत पोहोचेपर्यंत रडकुंडीला येतो.

यात दोष कुणाचा म्हणाल, तर इतिहासाचा. आमचं घर कॅम्प चारमध्ये. उल्हासनगरच्या पत्त्यात कॅम्प, सेक्शन आणि बॅरेक नंबर असतो, कारण दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर त्या बराकींत सिंधी निर्वासितांनी संसार मांडले आणि 8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते गावाचं रीतसर बारसं झालं. बराकीतल्या खोल्या पुढे आडव्या वाढल्या, मग उभ्या वाढल्या. आमच्याकडे खाली जाड विटांच्या भिंती, डोक्यावर सळयांनी विणलेला स्लॅब आणि स्लॅबवर चिरंजीवांची खोली. राउटर खाली टीव्हीशेजारी. वायफायचा 5 गिगाहर्ट्‌झचा पट्टा वेगवान खरा, पण स्लॅब दिसला की खालूनच नमस्कार करून परत फिरतो. 2.4 वाला चिवट, तो भिंतीतून वाट काढतो. पण त्या पट्ट्यात एकमेकांच्या पायात न येणारे चॅनेल तीनच: 1, 6 आणि 11. आणि बराक तर सलग. मोबाइल उघडला की 'झुलेलाल_होम', 'आई_एकवीरा' आणि 'पासवर्ड मागू नये' अशी अख्खी आळी हजेरी लावते. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं, असा वायफायचा शिस्तीचा नियम आहे. हा नियम कॅम्प चारमध्ये पाळला जातो, हेच मुळात मला आश्चर्याचं वाटतं.

रोजच्या वापरात याने फार बिघडत नव्हतं. पण आमचे चिरंजीव लग्नांचे व्हिडिओ काढतात. बदलापूरच्या पुतणीच्या लग्नाचंही शूटिंग त्यानेच केलं आणि सगळं चित्रण माडीवरच्या कॉम्प्युटरमध्ये साठवलं. एका रविवारी दादा-वहिनींसकट पंचवीस माणसं ते बघायला जमली. अंतरपाट धरला गेला, मामा नवरीला घेऊन आला, भटजींनी 'सावधान' म्हणण्यासाठी तोंड उघडलं आणि पडद्यावर गोल चकती फिरू लागली. भटजींचं तोंड उघडंच राहिलं. नवरदेवाच्या चेहऱ्यावर मुळातच असलेली भीती आता कायमची झाली.

"नेटफ्लिक्स बरं अडत नाही कधी," दादा म्हणाले. "माझ्याच पोरीचं लग्न अडतं!"

"अहो, प्लॅन वाढवून घ्या," आमची ही म्हणाली.

चिरंजीवांनी मग आमच्या अज्ञानावर उजेड पाडला. नेटफ्लिक्स 4के चित्रपट दाबूनदुबून पाठवतो, त्याला 15 एमबीपीएस पुरतात. कॅमेऱ्यातलं कच्चं 4के चित्रण 100 एमबीपीएसचं, म्हणजे तासाला 45 जीबी. आणि ही फाइल माडीवरून खाली टीव्हीत येते ती घरातल्या घरात. ती इंटरनेटवर पाऊलही ठेवत नाही. तेव्हा प्लॅन वाढवणं म्हणजे अंबरनाथहून बदलापूरला जायला उशीर होतो म्हणून सीएसएमटीला जादा गाड्या सोडणं. इलाज एकच: वायर.

"वायर?" दादा हसले. "जग वायरलेस झालं नि तुम्ही परत खुंटीला बांधून घेताय?"

दादांना वाटतं तेवढं हे प्रकरण सरळ नाही. 1971 मध्ये हवाईच्या विद्यापीठाने बेटाबेटांवरची यंत्रं रेडिओने जोडली. ती युक्ती वाचून 1973 मध्ये कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत बॉब मेटकाफने तीच गोष्ट तारेवर करायचं ठरवलं आणि इथरनेट जन्माला आलं. म्हणजे वायरलेस थोरलं आणि वायर धाकटी. हे ऐकून दादा गप्प झाले, कारण थोरलेपणाचा मुद्दा आमच्या घरात नाजूक आहे.

वेगाच्या कसोटीवर वायरच जिंकते, हे एव्हाना सर्वांना पटलं होतं. पण घरात वायर येते ती भिंतीवरून, आणि भिंतींना मालक असतात. देवघराची भिंत आईची. तिला ड्रिलचा आवाजही लागता कामा नये. दर्शनी भिंतीला दिवाळीत रंग दिलेला, ती हिची. तिच्यावर निळी वायर लोंबलेली दिसली तर मीही बाहेर लोंबेन, हे स्पष्ट झालं. जिन्याची भिंत शेजारच्या चाचांशी सामायिक. निव्वळ माझ्या मालकीची भिंत घरात निघेना. वायफायचं निम्मं यश यातच आहे. ते हळू असेल, पण कुणाची परवानगी मागत नाही.

अखेर तह झाला. वायर जिन्याच्या कडेने जाईल, पांढऱ्या केसिंग पट्टीत लपेल आणि भोक एकच पडेल.

"केवढं?" हिने विचारलं.

"करंगळीएवढं. आधी नुसती वायर ओवायची, मग टोकाला जॅक बसवायचा. जॅकसकट ओवायची तर भोक दुप्पट."

हा तपशील तिला माझ्या अख्ख्या भाषणापेक्षा जास्त पटला.

बाजारात गेलो. आम्ही कॅट सिक्सची वायर मागितल्यावर दुकानदाराने शांतपणे विचारलं, "साईं, कॉपर चाहिए, या कॉपर जैसा?" इतका प्रामाणिक प्रश्न मला याआधी कुठल्याच दुकानात कुणी विचारला नव्हता. त्याने दोन तुकडे काढून ब्लेडने खरवडले. एक आतपर्यंत तांबूस राहिला. दुसऱ्याचं तांब्याचं पातळ कातडं निघालं आणि आतून अ‍ॅल्युमिनियम पांढरे डोळे वटारू लागलं. आम्ही तांब्याची घेतली. भावही अर्थात तांब्याचाच पडला.

घरी चिरंजीव जॅक बसवायला बसले आणि आई शेजारी पाट घेऊन बसली. वायरीच्या पोटात आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, एकमेकींना पीळ घालून बसलेल्या. त्याने पीळ सोडवला आणि तारा ओळीने लावल्या: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी.

"अरे, हिरवीच्या जोडीत ही निळी जोडी का घुसवलीस?" आईने विचारलं.

"आजी, असाच नियम आहे."

"भांडतील त्या."

"नाही भांडत. उलट त्यांचा पीळ जास्त सोडला तर भांडतात."

"मग पीळ असलेला बरा," आई म्हणाली आणि तिने माझ्याकडे का पाहिलं, ते मी विचारलं नाही.

कॉम्प्युटर राउटरला जोडला. उत्साहाच्या भरात राहिलेल्या वायरीचा तुकडा टीव्हीलाही लावला. लग्न सुरू केलं, अंतरपाट धरला गेला आणि चकती पुन्हा फिरू लागली! हिने हातातला रंगाचा ब्रश खाली ठेवला. त्या ठेवण्याचा आवाज मला जरा मोठाच वाटला. चिरंजीवांनी टीव्हीची माहितीपुस्तिका शोधून काढली. एवढ्या थोरल्या टीव्हीच्या पाठीवरचं लॅनचं भोक फक्त 100 एमबीपीएसचं निघालं, आणि नेटवर्कचा वरखर्च वजा जाता त्यातून जेमतेम 95 हाती लागतात. पुष्कळ टीव्हींचं असंच असतं. व्हिडिओ 100 चा, वाट 95 ची. बिचारे भटजी काय करणार! टीव्हीची वायर काढली आणि त्याला हातभर अंतरावरच्या राउटरच्या 5 गिगाहर्ट्‌झवर सोडलं. आडवा स्लॅब नाही की भिंत नाही. भटजी 'सावधान' म्हणाले, अक्षता पडल्या, लग्न एकदाचं लागलं.

तेव्हा वायर की वायरलेस, या प्रश्नावर आमच्या घराचा निकाल असा: जे यंत्र जागचं हलत नाही आणि ज्याच्या नि राउटरच्या मध्ये स्लॅब येतो, त्याला वायर. जे राउटरच्या नजरेसमोर आहे किंवा हातातून घरभर फिरतं, त्याला वायफाय. आणि दोन्हींच्या आधी यंत्राच्या पाठीवरचं भोक तपासायचं.

हा निकाल मी मोठ्याने जाहीर करत होतो, तेवढ्यात ड्रिलचा आवाज ऐकलेले शेजारचे चाचा दारात आले. आता सामायिक भिंतीवरून पंचायत, असं वाटून मी उठून उभा राहिलो.

"साईं, मशीन बाहर निकाली है तो एक छेद हमारी तरफ भी मार दो," चाचा म्हणाले. "बारात में हम नाचे थे. हमको भी बडे टीवी पे देखना है."

मी हिच्याकडे पाहिलं. भिंतींच्या कारभारात मला मत नसतं.

"पाडा," ही म्हणाली. "पण चाचांना सांगा, पट्टी त्यांच्या बाजूलाही पांढरीच हवी."