दोन मिनिटांचं विमान आणि मुक्कामी गाडी

मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी जवळजवळ साडेतीन किलोमीटर लांब आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी बेटांवर, वेस्ट्रेहून उडालेलं विमान पापा वेस्ट्रेला उतरतं ते २.७ किलोमीटरवर. आपली एक धावपट्टी त्या अख्ख्या प्रवासापेक्षा लांब! वेळापत्रकात हा प्रवास दोन मिनिटांचा आहे. विक्रम ५३ सेकंदांचा. जगातलं सर्वांत छोटं नियमित उड्डाण ते हेच.

मला त्या ५३ सेकंदांपेक्षा दुसरा एक आकडा मोठा वाटतो : १९६७. तेव्हापासून ही सेवा चालू आहे. पापा वेस्ट्रेची वस्ती शंभरीच्या आतली. विमान इवलंसं, आठ-नऊ माणसांचं. गर्दी असली की एक प्रवासी थेट वैमानिकाच्या शेजारी बसतो. ऑर्कनीतल्याच कर्कवॉलहून निघायचं आणि बेटाबेटावर थांबत जायचं, आपली एसटी फाट्याफाट्यावर थांबते तसं. त्यातून शिक्षक जातात, डॉक्टर जातात, शाळेची मुलं जातात. तिकिटांतून खर्च निघत नाही, म्हणून सरकारी पैसा त्यामागे उभा आहे. बेटावर माणसं राहायला हवीत, तर त्यांना ये-जा करता आली पाहिजे, इतका साधा हिशेब.

आता आपल्याकडे या. २७ एप्रिल २०१७ला, छोट्या शहरांसाठीच्या अनुदानित ‘उडान’ योजनेतली पहिली विमानं निघाली. त्यात आपलं नांदेड–हैदराबादही होतं. हवाई चप्पल घालणाराही हवाई जहाजात बसेल, असा शब्द दिला गेला. तो शब्द चांगला होता, म्हणूनच पुढचं वाचून जीव तुटतो. ‘कॅग’ने २०२३मध्ये हिशेब मांडला : योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत ७७४ मार्ग दिले, त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. उरलेल्या ३७१पैकी ११२ मार्गांनी अनुदानाची तीन वर्षं पूर्ण केली. त्यानंतरही, मार्च २०२३पर्यंत, टिकून होते ते फक्त ५४.

छोट्या विमानतळाची घडी विस्कटायला फार काही लागत नाही. एक विमान बिघडलं की बदली विमान नसतं. धुकं उतरलं, पावसाने ढग खाली आले आणि उतरायला मार्ग दाखवणारी यंत्रणा नसली, की फेरी रद्द. दोनदा फेरी रद्द झाली की माणूस तिसऱ्यांदा रात्रीच्या ट्रॅव्हल्सचं तिकीट काढतो. मग विमान रिकामं जातं आणि ‘प्रवासीच नाहीत’ म्हणून मार्ग बंद होतो. प्रवासी होते, त्यांचा भरवसा गेला होता.

फोनवर दोन विमानतळांची नावं टाका, अंतर आणि वेळ लगेच दिसते. मुंबईहून सिंधुदुर्गाच्या चिपीला विमानाने तासाभराचं काम. पण आई दवाखान्यात आहे असा गावाहून फोन आला, तर त्या माणसाला एकच गोष्ट हवी असते : आज विमान आहे का?

हा भरवसा एसटीने दिला. गावात तिची मुक्कामी गाडी येते. रात्री चालक-वाहक तिथेच झोपतात, पहाटे गाडी निघते. कधी चारच माणसं असतात, तरी निघते. त्या गाडीच्या भरवशावर गावाने पोरी कॉलेजला धाडल्या. छोट्या विमानतळाच्या उद्‌घाटनाला फीत कापणाऱ्यांना आपण एवढंच विचारावं : चौथ्या वर्षी इथून विमान उडेल का? उत्तर लेखी घ्यावं.