डॅशबोर्डखालचा पोटभाडेकरू

"अहो वहिनी, कपडे नंतर वाळत घाला, आधी इकडे कंपाउंडपाशी या. धाकट्याने जुनी गाडी घेतली ना, तिच्यात पोटभाडेकरू निघाला!"

"अगंबाई! उंदीर?"

"उंदीर परवडला. बॅटरी सारखी उतरत होती म्हणून कर्वेनगरच्या गॅरेजवाल्याने स्टिअरिंगखालचं पॅनेल उघडलं, तर आत काळी डबी. काड्यापेटीएवढी, टेप गुंडाळलेली, लाल-काळी वायर गाडीच्या वायरिंगमध्ये घुसवलेली आणि हिरवा दिवा लुकलुकतोय. उघडली तर सिमकार्ड! म्हणजे तुळशीबागेपाशी पार्किंगसाठी आम्ही घातलेल्या घिरट्या कुणीतरी घरबसल्या बघत असणार."

"पण ठेवलं कुणी?"

"ह्यांना लगेच हेर दिसायला लागले. आमच्यावर पाळत ठेवण्यासारखं आहे काय? गॅरेजवाला म्हणाला, कर्जाच्या, भाड्याच्या गाड्यांना ट्रॅकर बसवतात आणि विकताना काढायचं राहून जातं. 1 जानेवारी 2019 पासून नोंदणी होणाऱ्या टॅक्सी-बसना तर ते सक्तीचंच आहे. पण लबाडही असतात हो. नोएडात एकाने गाडी विकायची, दुसरी चावी स्वतःकडे ठेवायची आणि ट्रॅकरवर बघून तीच गाडी परत उचलायची, असा धंदाच मांडला होता. पकडला पोलिसांनी."

"मग मी सुनेची स्कूटी तपासू की काय?"

"तपासाच. ते नाण्याएवढे एअरटॅग 2021 मध्ये आले. तसलं अनोळखी काही सोबत फिरत असेल तर आयफोन सांगतो, 2023 पासून अँड्रॉइडही सांगतो. ही सिमवाली डबी मात्र फोनला पत्ता लागू देत नाही. सीटखाली, डिकीत, बंपरच्या आत हातानेच चाचपायचं. काही चुंबकाने चिकटवलेल्या असतात."

"आणि नवऱ्यानेच लावली असेल तर?"

"गाडी त्याच्या नावावर असेल, बायको नाही! बाईच्या मागावर राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे, पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत कैद. पूर्वी हेच 354-ड होतं."

"मग तुमच्या डबीचं काय केलंत?"

"धाकटा उपटून मुठेत फेकायला निघाला होता. गॅरेजवाल्यानेच अडवलं. आधी जागच्या जागी फोटो काढा, सिमवरचा आणि डबीवरचा नंबर टिपून घ्या, मग चौकीत जा म्हणाला. सिम कुणाच्या नावावर आहे ते पोलीस कंपनीकडून काढू शकतात. नदीत गेली की पुरावाही गेला. आता तक्रार दिलीय, आणि गाडीची कुलुपंही बदलून घेतोय.

"आणि काय हो, भावोजी जुनी गाडी बघतायत ना? टोकन देण्याआधी आमच्या गॅरेजवाल्याला एकदा दाखवा. आणि दोन्ही चाव्या हातात पडल्याशिवाय पैसे सोडू नका म्हणावं."