खो-खोतलं कच्चं लिंबू

कच्चं लिंबू म्हणजे खेळात असलेलं, पण हिशेबात नसलेलं मूल. ते मैदानावर पळतं, ओरडतं, पडतं, गुडघा फोडून घेतं. पण बाद होत नाही, कारण त्याला बाद धरायचं नाही हा ठराव खेळ सुरू होण्याआधीच झालेला असतो. मोठीला खेळायला सोडायचं तर धाकट्याला बरोबर नेलंच पाहिजे, या घरोघरच्या अटीतून हा दर्जा निर्माण झाला असावा. लगोरी, लपाछपी, विषामृत, सगळीकडे तो चालतो. शब्द नपुंसकलिंगी असल्याने मुलगा-मुलगी हा प्रश्न उरत नाही; व्याकरणाने ती सोय आधीच करून ठेवली आहे. गल्लीत वाढलेली ही जात मंडळाच्या मैदानावर येते ती साधारण सहाव्या-सातव्या वर्षी, आणि तिचे गुणधर्म क्रिकेटपेक्षा खो-खोत जास्त ठळक दिसतात. क्रिकेटमध्ये लिंबाला सीमारेषेवर उभं करून विसरून जाता येतं. खो-खोत ते मैदानाच्या मधोमध बसलेलं असतं.

खो-खोचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. दोन टोकांना दोन खुंट, त्यांना जोडणारी मधली पाटी, आणि त्या पाटीवर आठ चौकोन. आठ गडी चौकोनांत बसतात, एकाचं तोंड इकडे तर शेजारच्याचं तिकडे. नववा पाठलाग करतो. समोरचा संघ तिघातिघांच्या तुकडीने आत उतरतो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये या खेळाला नियमांची चौकट दिली आणि तेव्हापासून उठणं, पळणं, वळणं, शिवणं या सगळ्याचा त्यात बारीक विचार होत आला आहे. पाचव्या चौकोनात बसलेल्या गड्याला ऐन डावात शू लागली तर काय करायचं, एवढाच मुद्दा सुटला आहे.

लिंबू मैदानावर स्वतःहून येत नाही. काही मोठ्या भावंडाच्या शेपटासारखी येतात. काहींना मोबाइल सुटावा म्हणून आणलेलं असतं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे निघाले, तेव्हापासून पालकांचा एक तिसरा वर्ग तयार झाला आहे. हा वर्ग पहिल्या दिवशी ‘किट कुठून घ्यायचं?’ असं विचारतो. ‘हाफ पँट आणा’ हे उत्तर ऐकून त्याचा थोडा हिरमोड होतो. मुलाला मोठं करायचं तर आधी खर्च झाला पाहिजे, अशी त्याची समजूत असते. म्हणून तो निदान बूट तरी महागाचे आणतो. मातीच्या मैदानावर ते तिसऱ्या दिवशी कडेला जातात आणि महिन्याभराने त्यांतला एकच सापडतो.

मंडळाचा टी-शर्ट वाढत्या अंगाचा घेतलेला असतो. तो गुडघ्यापर्यंत येतो, म्हणून चड्डीत खोचला जातो. खोचल्यावर पाठीवरच्या आकड्याचा खालचा अर्धा भाग चड्डीत राहतो. खुंटाची उंची १२० ते १२५ सेंटिमीटर असते आणि सात वर्षांचं लिंबू साधारण तेवढंच भरतं. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात लांबून पाहणाऱ्याला दोघांत फरक इतकाच कळतो की खुंट आपल्या जागी असतो.

या खेळातलं लिंबाचं मुख्य काम बसण्याचं. हीच त्याची पहिली फसवणूक. पळायचा खेळ म्हणून आणलं, आणि आल्याबरोबर दादा म्हणतो, ‘बस.’ दादा म्हणजे शिकवणारा कॉलेजातला मुलगा. तो स्वतः जिल्ह्याकडून खेळलेला असतो आणि त्याचा आवाज जून ते मार्च बसलेलाच असतो. बसणं म्हणजे कसं, हे तो करून दाखवतो: पाय दुमडलेले, हात जमिनीला टेकलेले, नजर वर, पाठीवर थाप पडताच सुटता येईल असं. लिंबू ते लक्षपूर्वक पाहतं आणि पंगतीला बसल्यासारखी मांडी घालतं. चौकोन जेमतेम एका फुटाचा, शाळेतली मोठी पट्टी मावेल एवढा. पण तेवढ्या जागेत त्याचा संसार थाटतो. रेषा आखलेली फक्की बोटाने उकरून नाकाला लावली जाते. मुंग्यांची रांग अडवली जाते. हलणारा दुधाचा दात जिभेने पुढे-मागे करून पाहिला जातो. किशोर-किशोरींच्या राष्ट्रीय स्पर्धेतल्या सर्वोत्तम मुलाला ‘भरत’ आणि सर्वोत्तम मुलीला ‘इला’ पुरस्कार देतात. भरताने सिंहाचे दात मोजले होते, आणि लिंबाची तयारी निदान त्या दिशेने चाललेली असते.

बसण्यातला खरा घोळ तोंडाचा. ज्या बाजूला तोंड त्याच बाजूला उठून पळायचं, हा नियम. शेजारी उलट्या दिशेला बसलेला असल्याने त्याच्याशी बोलायचं तर आधी मान, मग खांदा आणि शेवटी सगळं लिंबूच वळतं. आई दिसली की पुन्हा वळतं. दोन मिनिटांत ओळीतल्या तिघांची तोंडं एकाच बाजूला झालेली असतात आणि मैदानाचा अर्धा भाग ओसाड पडतो. ‘तोंड तिकडे!’ असा दादाचा आवाज येतो. ‘तिकडे’ ही दिशा आठही जण मनापासून पाळतात आणि आठ दिशांना बघू लागतात. खुंटाजवळच्या जागा सूर मारून गडी टिपणाऱ्या तयार मुलांच्या असतात. लिंबाला मधल्या चौकोनात बसवतात, म्हणजे बिघाड झाला तर दोन्हीकडून दुरुस्तीला माणूस मिळतो.

मोठ्यांच्या सामन्यात एक पाळी ९ मिनिटांची, लहान गटात ७ मिनिटांची. जेवताना चार मिनिटं एका जागी न टिकणारं मूल इथे सात मिनिटं टिकतं, कारण कोणत्याही क्षणी आपल्याला खो मिळेल अशी त्याची खात्री असते. ही आशा इतकी ताणलेली असते की खो न मिळताही ते उठतं. पावसाळ्यात हा त्रास वाढतो. ओळीतलं एखादं पोर खो-खो खोकलं की तीन चौकोनांतून तीन लिंबं सुटतात आणि शिट्टी वाजवून त्यांना परत आणावं लागतं. सर्दी झालेल्या मुलाला सरावाला पाठवू नये, ही पालकांना दिलेली सूचना केवळ आरोग्यासाठी नसते.

खरा खो येतो तो पाठीमागून. हात लागला पाहिजे आणि ‘खो’ हा शब्द मोठ्याने ऐकू आला पाहिजे, दोन्ही एकदम. पहिल्या खोवर लिंबू पळत नाही. मागे वळून कोण आहे ते बघतं. दुसऱ्या खोवर ते दादाकडे तक्रार करतं, ‘यानं मला मारलं.’ तिसऱ्या खोच्या वेळी मात्र काहीतरी जुळतं आणि ते उठून धावत सुटतं, बहुधा पाठ होती त्या दिशेला.

पाठलागात त्याचं लक्ष विचलित होत नाही, हा गुण मान्य केला पाहिजे. समोर तीन गडी असले तरी त्याला एकच दिसतो. तो सर्वांत जवळचा नसतो, दमलेलाही नसतो. त्याने शाळेत शार्पनर घेऊन परत केलेला नसतो. असा गडी बसलेल्यांच्या मधून नागमोडी पळत मधली पाटी ओलांडतो. पळणाऱ्याला ती मुभा आहे, पाठलाग करणाऱ्याला नाही. लिंबू त्याच्या मागोमाग थेट पाटीतून घुसतं, वाटेत स्वतःच्याच संघाच्या एकाच्या हातावर पाय देतं. शिट्टी वाजते. एकदा एका खुंटाकडे निघालं की तो गाठेपर्यंत माघारी वळायचं नाही, हाही नियम आहे. तो सांगितला की लिंबू इतकं प्रामाणिकपणे पाळतं की खुंट ओलांडून, मैदान ओलांडून, पाण्याच्या नळापर्यंत जातं. हुलकावणीचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. चांगला खेळाडू डावा खांदा टाकून उजवीकडे निसटतो, तेव्हा फसायला समोरच्याने खांद्याकडे बघितलेलं असावं लागतं.

पण या सगळ्या किरकोळ गोष्टी. लिंबाची आणि खो-खोची खरी जुंपते ती खो देण्यावरून. पळणारा पाटीच्या पलीकडे गेला की तिकडे तोंड करून बसलेल्याला खो द्यायचा आणि आपण त्याच्या जागी बसायचं. खेळ यावरच उभा आहे. तयार संघात एकाचा खो दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला, असा पाठलाग चार-पाच पावलांच्या तुकड्यांनी पुढे सरकतो आणि पळणाऱ्याला उसंत मिळत नाही. बाकी खेळ जे मिळालं ते राखायला शिकवतात. खो-खो पहिल्या दिवसापासून ते सोडायला लावतो. सात वर्षांच्या हिशेबाला हे पटत नाही. इतका वेळ फक्कीत बोटं घालून वाट पाहिली, शेवटी पळायची पाळी आली, आणि चार पावलांवर ती दुसऱ्याला देऊन टाकायची? वर त्याच्याच जागेवर जाऊन बसायचं? म्हणून लिंबू खो देत नाही. ते पळत राहतं. मैदानाला एकामागून एक फेऱ्या घालतं, गडी तिन्हीच्या तिन्ही दम खात उभे राहतात, आणि आठही चौकोनांतून ‘मला दे, मला दे’ असा आक्रोश सुरू होतो. दादा ‘खो दे!’ म्हणून ओरडतो. लिंबू पळता पळताच सांगतं, ‘थांब ना, आत्ताच तर मिळालाय!’

दम लागल्यावर ते देतं, पण कोणाला द्यायचा ते तोंडाच्या दिशेवरून ठरत नाही. आदल्या दिवशी आपल्याला कोणी दिला होता, कोणी डब्यातली चकली दिली, कोणी वाढदिवसाला बोलावलं नाही, या सगळ्याचा हिशेब त्यात येतो. एका खोडरबरच्या बदल्यात दोन खो, असे करार सरावाआधीच झालेले असतात. देण्याच्या रीतीही अनेक: नुसतं तोंडाने ‘खो’ म्हणून पुढे जाणारी, नुसती थाप मारून गप्प बसणारी, समोरून येऊन देणारी आणि ‘खो देऊ का?’ असं विचारणारी. शेवटची घरात चांगले संस्कार झालेली असतात आणि खेळाच्या दृष्टीने सर्वांत धोकादायक.

पळण्याच्या पाळीत लिंबाचं आयुष्य सुखाचं. तिघांच्या तुकडीत ते चौथं म्हणून उतरतं आणि त्याला शिवलं तरी गुण मिळत नाही, म्हणून मोठी मुलं त्याच्याकडे वळतही नाहीत. ते आपलं मधे मधे पळत असतं. कोणी चुकून अंगावर आलंच तर ‘टाइमप्लीज!’ म्हणतं, किंवा खुंट धरून उभं राहतं. खांबाला हात लावला की राज्य येत नाही, हा दुसऱ्या कुठल्यातरी खेळातला नियम ते बरोबर घेऊन आलेलं असतं. मधेच कडेला जाऊन पाणी पिऊन येतं. वेगावर चालणाऱ्या या खेळात आई ‘बाळा, सावकाश!’ असं ओरडत असते. वडील व्हिडिओ काढत असतात. घरी पाहिल्यावर त्यात शेजाऱ्यांचा मुलगा उत्तम आलेला दिसतो. आजोबा आमच्या वेळी मैदान कसं होतं ते बाकावरच्या दुसऱ्या आजोबांना सांगत असतात आणि दोघंही मैदानाकडे बघत नाहीत.

ही अवस्था किती दिवस टिकते ते मुलावर आणि मंडळातल्या गर्दीवर अवलंबून. ती संपते मात्र अचानक आणि कोणताही समारंभ न होता. तालुक्याच्या स्पर्धेआधी एका संध्याकाळी कोणाला तरी ताप येतो, एकाची शिकवणी असते, संघात एक गडी कमी पडतो. दादा मैदानाच्या कडेला बघतो, लिंबाच्या दंडाला धरून त्याला दुसऱ्या तुकडीत उभं करतो आणि वहीत नाव लिहितो. लिंबाला याची कल्पना नसते. ते नेहमीसारखं पळतं, नेहमीसारखं खुंट धरून उभं राहतं. पाठीमागून एक थाप बसते आणि शिट्टी वाजते. ‘आऊट!’

ते हसतं आणि पळत राहतं. दादा पुन्हा शिट्टी वाजवतो. मग त्याला शंका येते. ‘मला धरत नाहीत,’ ते समजावून सांगतं, ‘मी कच्चं लिंबू आहे!’

‘आता नाहीस,’ दादा म्हणतो.

यावर ते रडतं. साधंसुधं नाही, बाकावरचे आजोबासुद्धा मैदानाकडे बघतात. सगळे हक्क एका थापेत गेलेले असतात. ते रेषेबाहेर जाऊन बसतं, आईचं पाणी नाकारतं, वडिलांना मोबाइल खाली ठेवायला लावतं. डाव संपल्यावर नाक पुसत वही लिहिणाऱ्या मुलीजवळ जातं आणि आपलं नाव कुठे आहे ते दाखवायला सांगतं. नावापुढे पहिल्यांदाच आकडा पडलेला असतो: २२ सेकंद. त्यांतले शेवटचे आठ त्याने खुंट धरून काढलेले असतात.