आवराआवरी

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा अपडेट २ ऑक्टोबर २०१८ रोजी सोडला आणि चारेक दिवसांत थांबवला. ज्यांनी ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलं होतं, पण काही फायली जुन्या जागीच ठेवल्या होत्या, त्यांच्या त्या फायली अपडेटने परस्पर साफ केल्या. हेतू वाईट नव्हता हो! आधीच्या आवृत्तीत रिकामी, दुबार फोल्डरं उरतात अशी लोकांचीच कुरकूर होती. ती काढायची सोय केली; फोल्डर खरंच रिकामं आहे का, एवढं बघायचं तेवढं राहून गेलं. रद्दी देताना मालकिणीला न विचारणाऱ्या उत्साही जावयासारखं.

गंमत म्हणजे चाचणी करणाऱ्या काहींनी हे आधीच कळवलं होतं. पण तक्रारी फार थोड्या, म्हणून कुणाचं लक्षच गेलं नाही. मग तक्रार किती गंभीर, हेही नोंदवायची सोय झाली, अर्थात फायली गेल्यावर! गमावलेल्यांना सल्ला मिळाला: कॉम्प्युटर शक्यतो वापरू नका, फोन करा.

१३ नोव्हेंबरला तो अपडेट पुन्हा आला. नाव मात्र ‘ऑक्टोबर अपडेट’च.