गाडी चालू, कागद बंद

वरंधा घाट जीपनेच चढावा, याबद्दल दाजींच्या मनात कधी शंका नव्हती. शंका होती ती मोटार वाहन कायद्याला. त्यामुळे चारही चाकांनी ओढणारी, एकतीस इंची टायर घातलेली, नाकावर विंच आणि कानाशी स्नॉर्कल मिरवणारी महिंद्राची एमएम ५४० आम्ही महाडजवळ एका आयशरच्या हौद्यात चढवली. मातीच्या ढिगाला ट्रकची मागची बाजू लावली, दाजींनी फोर बाय फोरचा दांडा ओढला आणि जीप स्वतःच्या पायांनी आत गेली. तिचा त्या दिवसाचा ऑफरोड तेवढाच. मग चारी कोपऱ्यांना दोरखंड आवळून आम्ही केबिनमध्ये ड्रायव्हरमामांच्या शेजारी दाटीवाटीने बसलो.

"बंद पडलीय का?" मामांनी विचारलं.

"छे! एका सेल्फमध्ये सुरू होते," दाजी दुखावल्या सुरात म्हणाले.

"मग चालवत का नाही नेत?"

"गाडी चालू आहे हो. कागद बंद आहेत."

मामांनी दाजींकडे एकवार पाहिलं, भाडं आगाऊ मागून घेतलं आणि गाडी हलवली.

दाजी बँकेतून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांत त्रुटी काढून कर्जाचे अर्ज परत पाठवलेला माणूस. लहानपणी गावात पाटबंधारे खात्याचे साहेब जीपने यायचे, तेव्हापासून त्यांच्या डोक्यात जीप होती. स्वातंत्र्यानंतर लगेचच्या काळात महिंद्राने विलीज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जोडायला सुरुवात केली, पुढे तिच्यात प्यूजोच्या घराण्यातलं डिझेल इंजिन आलं, हा सगळा वंशवृक्ष त्यांना मुंजीतल्या गोत्रप्रवरासह पाठ. ताईचं म्हणणं एवढंच की निवृत्तीनंतर लोक काशीला जातात.

विकणारे गृहस्थ बिरवाडीचे. त्यांनी अभिमानाने सांगितलं होतं, "साहेब, इंजिन आणि चेसी सोडली तर हिच्यात कंपनीचं काहीच शिल्लक नाही." दाजींना ही स्तुती वाटली. प्रत्यक्षात ते आरोपपत्र होतं. टायर मोठे, पुढचा लोखंडी बंपर हरियाणातल्या मंडी डबवालीचा (मॉडिफाइड जीपवाल्यांची ती पंढरी), टपावर एलईडीची पट्टी, कापडी हुडाच्या जागी पत्र्याचं छप्पर, आणि हे सगळं लष्करी हिरव्या रंगात रंगवलेलं. आरसी पुस्तकात मात्र पांढऱ्या रंगाची, कापडी हुडाची, सोळा इंची रिमवर बारीक टायर घातलेली एक गरीब गाय नोंदलेली होती.

आणि ती नोंदही संपलेली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर पाच-पाच वर्षांनी वाढवायची. ही १९९२ची. २००७, २०१२, २०१७ असे टप्पे तिने नीट ओलांडले आणि २०२२मध्ये मालकाने कंटाळून सोडून दिलं. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर आणायची नाही. नोंदणी वाढवायची तर गाडी आरटीओत नेऊन दाखवायची. दाखवायला न्यायची तर रस्त्यावर आणायची. विम्याचंही तेच. या कोड्याला आमच्याकडे आयशर हेच एक उत्तर होतं. मी टोचन करून नेण्याची सूचना केली होती, पण मामांनी ती एका वाक्यात निकालात काढली : "चाक डांबराला टेकलं की पावती आलीच."

माझेरीच्या पुढे घाट लागला. आयशर पहिल्या गिअरमध्ये कण्हत होता आणि मागे हौद्यात, अशा चढांसाठीच जन्माला आलेली जीप दोरखंडात डुलत होती. दाजी दर वळणावर मान बाहेर काढून तिच्याकडे बघत. ट्रकवर ती विसर्जनाला निघालेल्या गणपतीसारखी दिसत होती, आणि समोरून येणाऱ्या एसटीतल्या एका आजींनी खरोखरच हात जोडले.

वाघजाईला चहा-भज्यांसाठी थांबलो. भजी तळून होईपर्यंत एक माकड जीपच्या स्टिअरिंगवर जाऊन बसलं होतं. विनापरवाना, विनाविमा, पण थाट मालकाचा. तेवढ्यात पुण्याकडून नव्या कोऱ्या थार गाड्यांचा एक ताफा आला. त्यातली पोरं जीपभोवती जमली, कुणी बंपरला हात लावला, कुणी स्नॉर्कलचा फोटो काढला.

"काका, काय मॉन्स्टर केलीय! मग ट्रकवर का?"

दाजींनी भज्याकडे बघत कागदांची कहाणी सांगितली. पोरं हळहळली आणि आपापल्या, शोरूममधूनच मोठे टायर लावून आलेल्या, संपूर्ण कायदेशीर गाड्यांत बसून धुरळा उडवत गेली. मला यातली गंमत तिथेच कळली. कंपनीने कारखान्यात लावलं तर ते मॉडेल, मालकाने गॅरेजात लावलं तर तो गुन्हा. आणि खरं सांगायचं तर कायद्याचं पूर्ण चुकतं असंही नाही. डबवालीचा तो बंपर ज्याच्या मांडीला लागेल त्याला दाजींच्या बालपणीच्या स्वप्नाशी काय देणंघेणं?

नीरा-देवघर धरणाचं पाणी डाव्या-उजव्या हाताला लपाछपी खेळत राहिलं. भोर गेलं. कापूरहोळला हमरस्ता लागला. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर पोराने विचारलं, "बंद पडलीय का?" यावेळी मामांनीच उत्तर दिलं, "गाडी चालू आहे, कागद बंद आहेत." दाजींनी त्यांच्याकडे कृतज्ञतेने पाहिलं.

पुण्यात उतरल्यावर पहिला मुक्काम विम्याचा. विमा एजंट हा दाजींच्या जुन्या सहकाऱ्याचा मुलगा. त्याने लॅपटॉपवर मॉडेलांची यादी खाली-वर, खाली-वर केली. त्यात बोलेरो होती, स्कॉर्पिओ होती, एमएम ५४० नव्हती.

"काका, ही गाडी कंपनीने खरंच काढली होती ना?"

दाजींनी वंशवृक्षाला सुरुवात केली तेव्हा त्याने घाईघाईने शाखेत फोन लावला आणि मॉडेल हाताने भरून घेतलं. मग किंमत ठरवण्याची वेळ आली.

"तीन लाख धर," दाजी म्हणाले.

"काका, घसाऱ्याचा तक्ता पाच वर्षांपर्यंतच असतो. पाच वर्षांनी निम्मी किंमत. त्यापुढे तुम्ही आणि कंपनीने मिळून ठरवायचं."

"मग ठरवू या."

"कंपनीला ठरवायचंच नाहीये."

म्हणजे उरला थर्ड पार्टी. तो सक्तीचा. पंधराशे सीसीवरच्या खासगी गाडीला ७,८९७ रुपये, वर जीएसटी. दाजींच्या गाडीचं इंजिन २,११२ सीसीचं, त्यामुळे ती एखाद्या आलिशान परदेशी गाडीच्या पंक्तीला बसली. दाजींनी बँकेतला चष्मा लावला.

"म्हणजे मी कुणाला ठोकलं तर त्याला पैसे मिळणार."

"हो."

"आणि माझी गाडी दरीत गेली तर?"

"तर दरीत गेली, काका."

"वरच्या विंचचं, दिव्यांचं वेगळं काही?"

"विजेच्या जादा सामानाला त्याच्या किमतीच्या चार टक्के भरून जोड मिळते. पण ती गाडीच्या विम्याला. तुमच्या गाडीला गाडीचा विमाच नाही. आणि काका, कंपनीचा माणूस फोटो काढायला येणार आहे, तेव्हा ते विंच-बिंच..." त्याने वाक्य सोडून दिलं.

ते पूर्ण केलं आरटीओबाहेरच्या एजंटने. हल्ली पुष्कळ सेवा घरबसल्या आधारच्या ओटीपीवर, चेहरा न दाखवता होतात. पण तेहतीस वर्षांच्या जीपला चेहरा दाखवायला यावंच लागतं, आणि ती आली की झाडाखालच्या खुर्चीवरून हे गृहस्थ उठतात. त्यांनी जीपला एक प्रदक्षिणा घातली.

"साहेब, कलम ५२. कंपनीने दिलेल्या तपशिलात फरक करायचा नाही. जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात ठणकावून सांगितलंय. बंपर तर डिसेंबर २०१७पासूनच बाद. रंगाचं विचारू नका, ऑलिव्ह ग्रीन फक्त लष्कराला, तसा नियमच आहे. तुम्ही सैन्यात होतात का?"

"बँकेत."

"मग पांढरा."

दाजींनी शेवटचा हुकमाचा पत्ता काढला : जुन्या गाड्यांसाठी केंद्राने २०२१मध्ये व्हिंटेजचे नियम केलेत, त्यात सवलत नाही का? एजंटने ते पाठच केले होते. गाडी पन्नास वर्षांपुढची हवी, मूळ रूपात हवी, नोंदणीला २०,००० रुपये, नंबरात व्हीए अक्षरं, आणि रोज रस्त्यावर फिरवायची नाही.

"म्हणजे २०४२ साली," दाजींनी मनात हिशेब केला.

"आणि मूळ रूपात," एजंट म्हणाला.

ब्रिटनमध्ये एकट्यादुकट्याने घरी बांधलेल्या गाडीलाही तपासून मंजुरी देण्याची सोय आहे. आमच्याकडे ती नाही. त्यामुळे एका चेसीवर तीन जीपगाड्या नांदतात : एक आरसी पुस्तकातली, एक विमा कंपनीच्या फोटोतली आणि एक मालकाच्या मनातली. तिघींची गाठ पडू न देणं हा एक स्वतंत्र धंदा आहे आणि त्यावर पुष्कळ गॅरेजं जगतात.

अशाच एका गॅरेजमध्ये जीप नेली. मिस्त्रींनी काही विचारलं नाही. "पासिंगला?" एवढंच म्हणाले आणि पाने काढले. बंपर उतरला, विंच उतरली, स्नॉर्कल उतरलं, भोकावर पत्र्याचं ठिगळ बसलं. छप्पर काढून ताडपत्रीचा हुड चढला. मोठे टायर गेले आणि भाड्याने आणलेले बारीक टायर आले. जीप हातभर खाली बसली. हो, पासिंगसाठी टायर भाड्याने मिळतात, डिपॉझिट ठेवून. शेवटी पांढरा रंग मारला तेव्हा दाजी चहा प्यायला निघून गेले. परत आले तेव्हा समोर हुबेहूब पाटबंधारे खात्याच्या साहेबांची जीप उभी होती. एवढा खर्च, एवढा घाट उलटून माणूस नेमका त्याच्या लहानपणच्या गाडीपाशी पोचला होता, आणि त्याला ती मुळीच आवडली नव्हती.

मग पैसे. वीस वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी वाढवायची फी ऑगस्ट २०२५पासून १०,००० रुपये, म्हणजे २०२२मधल्या फीच्या दुप्पट. उशिराबद्दल दरमहा ५००, आणि तीन वर्षांवर महिने उलटलेले, म्हणजे नुसता उशीरच १८,०००च्या पुढे. पंधरा वर्षांपुढच्या डिझेल गाडीचा पर्यावरण कर पाच वर्षांसाठी ३,५००. वरून एचएसआरपी नंबरप्लेट, ७४५ रुपये आणि जीएसटी. तिच्याबरोबर काचेवर लावायचा स्टिकर येतो. दाजींची काच आडवी होऊन बोनेटवर झोपते, तेव्हा तो स्टिकर कोणाला दाखवायचा, याचं उत्तर प्लेट बसवणाऱ्या पोराकडे नव्हतं. दाजींनी तो लावून घेतला. कागदांच्या बाबतीत ते श्रद्धाळू आहेत.

तपासणीला आलेल्या निरीक्षक मॅडम वयाने गाडीपेक्षा लहान होत्या. त्यांनी हॉर्न ऐकला, हँडब्रेक ओढून बघितला, रिफ्लेक्टर मोजले. मग म्हणाल्या, "चेसी नंबर दाखवा."

इथे प्रवास थांबला. पुढच्या चाकाच्या आत, चेसीच्या पट्टीवर नंबर होता खरा, पण त्यावर पांढऱ्याखाली हिरवा, हिरव्याखाली काळा आणि काळ्याखाली कोकणातले बरेच पावसाळे होते. एजंट आडवा झाला. रॉकेलचा बोळा, तारेचा ब्रश, पुन्हा बोळा. मग खडू घासला, त्यावर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी फिरवायला लागला. एकेक आकडा कागदावर उमटत गेला. आम्ही सगळे, मॅडमसुद्धा, श्वास रोखून वाकलेलो. शेवटून दुसरा आकडा आला आणि पेन्सिल थबकली.

"तीन आहे."

"आठ आहे," दाजी म्हणाले. आरसीत आठ होता.

तीन निघाला तर गाडी कुणाची, इथपासून सुरुवात. मॅडमनी मोबाइलचा दिवा लावला, खाली बसल्या आणि नखाने गंजाचा एक पापुद्रा हळूच उचलला. आठचं डावं अंग त्याखाली सुखरूप होतं. दाजींनी सुटकेचा निःश्वास टाकला तो एवढा मोठा होता की मॅडम म्हणाल्या, "काका, पीयूसी गाडीचीच काढलीत ना?"

फॉर्म २५ मंजूर झाला, २९ आणि ३०वर सह्या झाल्या. जीप पहिल्यांदाच आपल्या चाकांवर, वयाने तेहतीस आणि कागदाने पाच वर्षांची होऊन, घरी आली.

त्या रात्री जेवताना दाजी मिस्त्रींना फोन लावायला उठले. भाड्याचे टायर परत करायचे होते आणि त्यांचे स्वतःचे गॅरेजात पडून होते. मी एजंटने सांगितलेलं शेवटचं कलम आठवण करून दिलं : मालकाने परवानगीशिवाय बदल केले तर प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दाजींनी बोटांवर मोजलं. टायर, बंपर, विंच, स्नॉर्कल, दिवे, छप्पर.

"सहा बदल. तीस हजार," ते म्हणाले.

"इतके पैसे कशाला घालवताय?" ताई पोळी वाढत म्हणाली. "तुम्ही आपले सहा महिने घ्या."